पाच नंबरचा खांब

१

खोटं बोलणारी यंत्रं पकडणं हा माझा धंदा. बावीस वर्षांत पाचशेहून जास्त यंत्रं मी तपासली आहेत. माझा अनुभव असा, की यंत्र आपण होऊन कधीच खोटं बोलत नाही; त्याला खोटं शिकवणारा एक गाढव जवळपास असतोच. तो शोधायचा, अहवालात त्याला जागा द्यायची, सही करायची आणि घरी यायचं.

मार्चमध्ये मला तलासरीला बोलावलं. महामार्गापासून सात किलोमीटर आत, भातखाचरांच्या मध्ये, विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेची धावपट्टी होती. चार लहान विमानं, एक पत्र्याची शेड आणि एक दुमजली खोली. त्या खोलीला ते लोक टॉवर म्हणत. गोठ्याला राजवाडा म्हणावं तसं.

"बंदर येणार साहेब, वाढवणला," व्यवस्थापक नविनभाई पहिल्याच चहाला म्हणाले. "मोठी माणसं येणार. ती काय रस्त्यानं येणार?"

बंदर अजून व्हायचं होतं. डहाणूपासून येताना वाटेत त्याच्या विरोधाचे फलकच मी जास्त पाहिले होते. पण नविनभाईंच्या डोळ्यांपुढे मोठ्या माणसांची विमानं उतरायलाही लागली होती. त्याच भरात त्यांनी मोठ्या विमानतळाला शोभेल अशी इशारा यंत्रणा बसवून घेतली होती.

यंत्रणा सोपी असते. धावपट्टीच्या आसपास सहा खांब. प्रत्येकाच्या टोकावर तीन वाट्या वाऱ्यानं भिरभिरतात आणि वेग सांगतात. एका खांबावर वारा एक आणि शेजारच्यावर भलताच असला, की टॉवरमधला डबा बाईच्या आवाजात बोलतो, "विंडशिअर, विंडशिअर." उतरणारं विमान समोरून येणाऱ्या वाऱ्यावर तोललेलं असतं. तो वारा एकदम गेला तर विमान खाली बसतं. खाली पुरेशी उंची असली तर सावरतं. नसली तर नाही.

चार महिन्यांत विमान उतरत असताना हा डबा एकसष्ट वेळा बोलला होता. प्रत्येक वेळी विमान न उतरता पुन्हा वर गेलं, चक्कर मारून आलं आणि सुखरूप उतरलं. आता विमान खात्याचं दिल्लीचं कार्यालय विचारत होतं, ही यंत्रणा विश्वासाची आहे का. पुढची परवानगी त्या उत्तरावर अडली होती.

एकसष्ट वेळा लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याबद्दल माझं मत तिथं जायच्या आधीच तयार होतं.

२

टॉवरमध्ये निलम धोडी बसायची. तलासरीचीच, पंचविशीतली, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. रेडिओवर विमानांशी बोलणं आणि खांबांची देखभाल, दोन्ही कामं तिचीच. संगणकात सगळी नोंद आपोआप होत असूनही ती एका वहीत हातानं नोंदी ठेवायची. अशा माणसांचा मला कंटाळा येतो. त्यांना वाटतं, दोनदा लिहिलं की गोष्ट जास्त खरी होते.

"सर, सगळे इशारे पाच नंबरपासून सुरू होतात," ती म्हणाली.

"मग पाच नंबर खराब आहे."

"वरचं युनिट बदललं सर. दोनदा."

"मग बदलणारा खराब आहे."

"मीच बदललं."

मी भिंतीवरच्या नकाशाकडे वळलो.

पाच नंबरचा खांब धावपट्टीच्या पूर्वेला, खोरीपाड्याच्या वरच्या टेकडीवर होता. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. म्हणजे त्या टेकडीवरून, मग खाचरांवरून, मग ओढ्यावरून धावपट्टीवर. टेकडीवर पाच नंबर, खाचरांत चार नंबर, ओढ्याशी तीन नंबर. सगळे एका ओळीत.

मी संगणकातले आकडे उघडले. रोज दुपारी, दोनला दहा कमी असताना, पाच नंबरवर वारा शून्य. आजूबाजूला अठरा नॉट, वीस नॉट, आणि इथं शून्य पूर्णांक शून्य. दोन मिनिटं. मग पुन्हा अठरा.

इथं मी पहिल्यांदा थोडा थांबलो. वारा पडला तरी वाट्या एकदम थांबत नाहीत. त्यांना भार असतो, त्या रेंगाळतात. आकडा तीनवर येतो, एकावर येतो, शून्य पूर्णांक चारवर घुटमळतो. हा आकडा घुटमळत नव्हता. अठरा, आणि पुढच्या सेकंदाला शून्य. कुणीतरी वाट्या चिमटीत धरल्यासारखं.

"वायर सैल असणार," मी म्हणालो.

निलमनं वही माझ्यापुढे सरकवली. "जानेवारीपासून चार नंबरवरही येतं सर. पाचनंतर बरोबर वीस मिनिटांनी. तितकंच, दोन मिनिटं."

"दोन वायरी सैल असतील."

"अंतर चौदाशे मीटर आहे," ती म्हणाली. गणित तिनं केलेलं होतं. मी ते करावं म्हणून ती थांबली होती. वीस मिनिटांत चौदाशे मीटर. ताशी चार किलोमीटर आणि वर थोडं.

"म्हणजे कुणीतरी चालत येतंय," मी म्हणालो आणि हसलो.

निलम हसली नाही. विनोद न कळणारी माणसं मला आवडत नाहीत. पण तिला तो कळला नव्हता असं वाटलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेलो. गाडी खोरीपाड्याशी ठेवावी लागली. पुढे पायवाट होती. वरच्या रानातून येणारी, खांबाजवळून उतरणारी आणि पाड्याच्या मधून खाली खाचरांत जाणारी. सोनीबाई नावाच्या म्हातारीचं कुडाचं घर पाड्यात सगळ्यात वर, वाटेला लागून. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती आणि त्यांचा गोडसर, आंबूस वास सगळीकडे भरला होता. तिनं मला पाणी दिलं. मी बाजेवर बसलो.

पावणेदोनला पाड्यात हालचाल सुरू झाली. एक बाई वाटेवर ठेवलेले हंडे उचलून कडेला ठेवून गेली. कुणीतरी करडं आत नेली. घाई कुणालाच नव्हती. सोनीबाईनं मला उठवलं आणि बाज ओढून भिंतीशी लावली.

"कोणी मंत्री येतोय का?" मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "दोन वाजत आलं."

मी उठून खांबाकडे चालायला लागलो. वारा चांगला होता, शर्ट पाठीला चिकटत होता. वाट जिथं खांबापासून खाली उतरते तिथं, खांबाच्या पन्नास-साठ पावलं अलीकडे, मी वाटेवर उभा राहिलो आणि वही काढली. खांबाजवळ दोन ताड होते, एकमेकांपासून पंधरा पावलांवर. दोन्हींच्या झावळ्या कडकड वाजत होत्या.

मग वरच्या ताडाचा आवाज बंद झाला.

खालचा वाजत होता, वाऱ्यानं पार वाकला होता. वरचा चित्रातल्यासारखा उभा. मागे रानातली पानं जमिनीवर पळत होती, पण ताडाच्या बुंध्याशी पोचली की जागच्या जागी बसत होती. खांबाच्या वाट्या फिरत नव्हत्या. मी घड्याळ पाहिलं: दोनला दहा कमी.

मला भीती वाटली नाही, हे मी लिहून ठेवतो. मला आनंद झाला. डोंगराच्या आडोशाला वाऱ्यात असे खड्डे पडतात, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. टेकडीवर खांब रोवणाऱ्या कुठल्यातरी गाढवानं ते पुस्तक उघडलं नव्हतं. मी तसं वहीत लिहिलं, आकृती काढली.

"साहेब, वाटंतून निघा," सोनीबाई खालून म्हणाली. ओरडली नाही. पाहुण्याला जेवायला बोलवावं तशा आवाजात म्हणाली.

मी हात वर करून तिला थांबवलं. आकृती पुरी व्हायची होती. पुरी झाल्यावर मी अंगणात परतलो, आणि माझ्यामागे खालचा ताड गप्प झाला. मग फुलं वाळत होती त्या अंगणापलीकडे, वाटेच्या दोन्ही बाजूंच्या घरांवरचं वाळलेलं गवत एकामागून एक हलायचं थांबत गेलं. खालपर्यंत. घरातून कुणी बाहेर पाहत नव्हतं.

"याला आडोशाचा खड्डा म्हणतात," मी सोनीबाईला सांगितलं. "डोंगरामुळं होतो."

"पयलं इथून वळायचं," ती म्हणाली. "रानात जायचं परत."

"आणि आता?"

"आता वळत नाय."

मी पुढं विचारलं नाही. ज्याला माहिती नसते तो असंच अर्धवट बोलतो.

संध्याकाळी निलमनं आकडे दाखवले. त्या दिवशी पाच नंबरवर शून्य दोन मिनिटं नव्हतं. सहा होतं.

"सर," तिनं विचारलं, "तुम्ही तिथं नेमके कुठं उभे होता?"

४

संस्थेत शिकवणाऱ्यांत सगळ्यात अनुभवी कॅप्टन दक्षा माच्छी. नरपडची, घर मासेमारीचं. तिचा बाप अजून होडी घेऊन जात होता. एकसष्टपैकी अडतीस इशाऱ्यांना तीच विमानात होती. मी तिची जबानी घेतली.

"काही जाणवलं का एकदा तरी?"

"डबा बोलला की मी वर निघून जाते. जाणवायची वाट नाही बघत."

"म्हणजे एकदाही खात्री केली नाहीत."

"कशी करतात खात्री?" तिनं विचारलं. "पडून?"

मी तिला समजावलं. खोटा इशाराही घातक असतो. वैमानिक रोज रोज फुकट वर निघून जायला लागला की एक दिवस तो खऱ्या इशाऱ्यालाही दाद देत नाही. विश्वासाला आकडेवारी लागते.

"साहेब, समुद्रात एखाद्या जागी पाणी तेलासारखं गुळगुळीत झालं ना, तर माझा बाप होडी वळवतो. पन्नास वेळा काही नसेल तिथं. पण काही नसलेली वेळ कुठली आणि असलेली कुठली ते त्याला आधी कळत नाही, मलाही नाही. तुम्हाला कळत असेल तर सांगा, मी उतरते."

कोळ्याची अक्कल विमानात आणायची, आणि ती वर मला शिकवायची. मी तिचं बोलणं एका ओळीत उतरवलं: 'वैमानिक अतिसावध.'

त्या आठवड्यात मी यंत्रणा सुधारली. खांब हलवायला वेळ नव्हता, म्हणून मी हिशोबाचा नियम बदलला. एका खांबाच्या साक्षीवर इशारा द्यायचा नाही. शेजारच्या दोन खांबांवर एकाच वेळी वारा बिघडला तरच डबा बोलेल. हा नियम चुकीचा नाही. जगात अनेक ठिकाणी तो चालतो.

तो बदलताना मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. शून्य एका वेळी एकाच खांबावर येत होतं. म्हणजे त्याच्यासाठी डबा आता कधीच बोलणार नव्हता.

निलमला तेही कळलं. "सर, हे दुरुस्त नाही केलं आपण," ती म्हणाली. "गप्प केलं."

"तुमच्या वहीत लिहा," मी म्हणालो.

पुढचे नऊ दिवस डबा एकदाही बोलला नाही. नविनभाईंनी पेढे वाटले. नऊही दिवस दुपारी दोनच्या सुमाराला दक्षा विमान घेऊन उतरली नाही, जेवायला बसली. तिनं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अहवालात आकडा चांगला दिसत होता.

५

दिल्लीहून एक अधिकारी आले तो दिवस गुरुवार होता. त्यांना साडेअकराला यायचं होतं. महामार्गावर अडकून ते दीडला पोचले. नविनभाईंनी त्यांना घोलवडचे चिकू खायला घातले आणि दोन वाजता चाचणी सुरू करायला लावली. दक्षा तयार नव्हती. नविनभाई तिच्याशी शेडमध्ये पाच मिनिटं बोलले. काय बोलले मला माहीत नाही, पण ती बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहिलं. रस्त्यात पडलेल्या एखाद्या वस्तूकडे पाहावं तसं. मग सुरज नावाच्या विद्यार्थ्याला घेऊन विमानात चढली.

टॉवरमध्ये आम्ही तिघं. अधिकारी खिडकीशी, निलम रेडिओवर, मी तिच्या मागं.

पडद्यावर पाच नंबर दोनला दहा कमी असताना शून्य झाला होता. दोन वाजून दहा मिनिटांनी चार नंबर झाला. डबा गप्प. अधिकाऱ्यांनी ते आकडे पाहिलेही नाहीत. त्यांना डबा बोलतो का एवढंच पाहायचं होतं. दक्षा दोनदा उतरली, दोनदा उठली. उत्तम.

दोन अठ्ठावीसला निलम म्हणाली, "सर, तीन नंबर."

तीन नंबरचा खांब ओढ्याशी, धावपट्टीच्या तोंडापासून पाचशे मीटरवर. तिथं याआधी कधी शून्य आलं नव्हतं. आता होतं.

तिनं पेन्सिल घेतली, मग ठेवली. गणित तोंडी होण्यासारखं होतं. पाचशे मीटर, सात मिनिटं. खिडकीतून दूरवर विमान वळताना दिसत होतं. तिसऱ्यांदा उतरायला ते सातएक मिनिटांनीच येणार होतं.

मी निलमला खूण केली, थांब. मिनिटं जात होती. शून्य तीन नंबरवरून निघून गेलं आणि त्यापुढं धावपट्टीच्या तोंडापर्यंत एकही खांब नव्हता. ओढा ते धावपट्टी या टप्प्यात काय चाललंय ते सांगणारं काहीच नव्हतं. विमान टेकडीवर आलं, खाचरांवर आलं. वाऱ्यात किंचित डोलत, व्यवस्थित.

निलमनं माइककडे हात नेला.

मी माझा हात त्यावर ठेवला. "डबा बोलला का?" मी हळू विचारलं. अधिकारी ऐकत होते.

"नाही."

"मग?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिची तेव्हाची नजर विसरलेलो नाही. तिच्यात राग नव्हता, मी किती सेकंद घेईन याचा अंदाज होता. मग तिनं माझं मनगट धरून हात बाजूला केला आणि बटण दाबलं. "दक्षा मॅडम, वर जा. वर जा."

इंजिनाचा आवाज वाढला. उशीर झाला होता, पण फार नाही. मी हात ठेवला तेवढाच. विमान नाक उचलत होतं आणि त्याच वेळी खाली येत होतं, पायरी चुकलेल्या माणसासारखं. तारेच्या कुंपणाला चाकं लागली. ते उलटलं. आवाज अगदी लहान आला, आणि मध्येच तुटला.

६

मी धावत गेलो. इतरांच्या आधी पोचलो, कारण धावपट्टीच्या त्या टोकाची वाट मला पाठ होती.

वारा जोरात होता. कुंपणालगतचं कंबरभर वाळलेलं गवत सगळं पूर्वेकडे झोपलं होतं. फक्त विमानाच्या आसपास, शेदीडशे पावलांच्या घेरात, ते उभं होतं. सरळ, काडी न काडी.

मी त्यात शिरलो आणि आवाज गेला. वारा गेला, मागून येणाऱ्या माणसांच्या हाका गेल्या. बंद खोलीत शिरल्यासारखं झालं. दार लावलेल्या, खिडक्या लावलेल्या, पुष्कळ दिवस कुणी न उघडलेल्या खोलीत. माझे बूट ऐकू येत होते. पेट्रोल थेंबथेंब गळत होतं, ते ऐकू येत होतं. हवा अंगाला लागत होती, ऊबदार, आणि हलत नव्हती.

सुरज बाहेर फेकला गेला होता, खांदा धरून बसला होता. दक्षा पट्ट्यांत उलटी लटकत होती. शुद्धीवर होती. मी गुडघ्यावर बसून पट्टा सोडवायला लागलो. ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागं पाहत होती. आणि तिची नजर हळूहळू वर चढत होती, समोर बसलेलं कुणी उठून उभं राहताना आपली चढते तशी.

मी वळलो.

धूळ अजून खाली बसली नव्हती. वाराच नसल्यामुळं ती भिंतीसारखी लोंबकळत होती, त्यातून ऊन आरपार दिसत होतं. त्या धुळीत एक जागा रिकामी होती. अरुंद, माझ्यापेक्षा बरीच उंच. तिच्या कडेनं धूळ घसरत खाली येत होती, काचेवरून घसरावी तशी. माझ्यापासून चार पावलांवर. मी पाहत असताना ती जागा वरच्या बाजूनं किंचित माझ्याकडे झुकली.

एवढंच मी पाहिलं. दोनदा पापणी लवेल इतका वेळ. मग नविनभाईंची माणसं पट्टे कापायला आली, धावताना त्यांनी धूळ उधळली, आणि त्यांच्यापैकी एकानं विचारलं, "इतकं शांत का आहे इथं?"

७

सुरजचा खांदा जुळला. दक्षाच्या पाठीचा कणा दोन ठिकाणी मोडला होता. तिला वापीला नेलं. पुन्हा चालेल की नाही हे डॉक्टर सांगत नव्हते.

चौकशीत मी जबाब दिला. यंत्रणेनं नियमाप्रमाणे काम केलं. नियमाप्रमाणे इशारा देण्यासारखी परिस्थिती नव्हती. टॉवरमधल्या कर्मचाऱ्यानं नियमाबाहेर सूचना दिल्यानं वैमानिक गोंधळली असण्याची शक्यता आहे. यातलं प्रत्येक वाक्य टिकणारं होतं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. माझ्या हाताबद्दल ते काही बोलले नाहीत, मीही नाही. निलमची नोकरी गेली.

जाताना ती वही घेऊन माझ्याकडे आली. मला वाटलं, भांडेल. तिनं फक्त शेवटचं पान दाखवलं. अपघातानंतरचे एकोणीस दिवस. पाच नंबरवर शून्य नाही. चारवर नाही. तीनवर नाही.

"बघा," मी म्हणालो. "यंत्रणा विश्वासाची झाली."

"हो सर," निलम म्हणाली. "इथं आता काही नाही."

दोन दिवसांनी नविनभाईंनी मला एक कागद दिला आणि वापीला पाठवलं. दक्षानं सही करायची होती: चूक तिची होती असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. मला तसल्या कामांचा तिटकारा आहे, पण ते दुसऱ्या कुणाला नीट जमलं नसतं.

दवाखान्यातला हॉल मोठा होता. आठ खाटा, प्रत्येकीला हिरवा पडदा, वर पंखे, समोर उघड्या खिडक्या. दुपारचे साडेतीन वाजले होते. पडदे चांगले फडफडत होते. दक्षाची खाट शेवटची. मी स्टुलावर बसलो, तब्येत विचारली, कागद काढला. तिनं तो वाचला. वाचून माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी शेडबाहेर पाहिलं होतं त्याहून थोडा जास्त वेळ.

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"सही न करून तुमचाच तोटा आहे."

"सहीचं नाही बोलत. तुम्ही येऊन बसलात आणि मला पंखा लागायचा बंद झाला."

मी वर पाहिलं. "पंखा चालू आहे."

"फिरतोय," ती म्हणाली. "बघा ना, फिरतोय. वारा कुठंय?"

शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई पेशंटला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिनं पुठ्ठा थांबवला, त्याच्याकडे पाहिलं, आणि आपलं स्टूल उचलून खिडकीशी नेलं. दक्षाच्या कपाळावर घाम फुटला होता. ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती.

"कॅप्टन," मी म्हणालो, "काय दिसतंय तुम्हाला?"

तिनं डोळे मिटून घेतले. "जा," ती म्हणाली. "मला हलता येत नाही. माझ्यापाशी नका थांबू."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि हॉलमधून निघालो. दाराशी पोचल्यावर वळून पाहिलं. माझ्या जवळचे तीन पडदे फडफडत होते. चौथा सरळ लोंबत होता, इस्त्री केल्यासारखा. मी पाहत असताना तिसरा लोंबला, आणि चौथा पुन्हा हलायला लागला. मी आकृती काढली नाही.

खाली रस्त्यावर आलो. मालाचे ट्रक जात होते, हॉर्न वाजत असावेत. रिक्षावाल्यांची तोंडं हलत होती. तेवढ्यात माझ्या मुलीचा, योगिताचा, नाशिकहून फोन आला. काम संपलं होतं, मी त्या रात्री घरी पोचायचा होतो, तिनं जेवण करून ठेवलं होतं.

"बाबा, निघालात का?" तिनं विचारलं. मग म्हणाली, "कुठल्या खोलीत आहात? मागं काहीच आवाज येत नाहीये."

मी भररस्त्यात उभा होतो. समोरून एक ट्रक गेला. त्यानं उडवलेली धूळ माझ्यापर्यंत आली आणि चार पावलांवर थांबली.

"हो, खोलीत आहे," मी म्हणालो. "दार लावलंय. तू जेवून घे. मी येत नाही."